सावली वगळून

सत्तावीस क्रमांकाच्या जोडीतली सगळी झुडपं एकाच दिशेला वाढली होती.

सोमवार, १० जून २००२. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. साधना दुबईत अल कुसैसमधल्या एका ऑफिसात चार वर्षं तपासनीस होती. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायचे, हे ऑफिसचं काम. ऑपरेटर काँप्युटरवर फोटोंवरून रेघा ओढत, साधना त्या तपासत असे आणि तिची सही झाल्याशिवाय नकाशा बाहेर जात नसे.

त्या दिवशी तिच्या टेबलावर एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी आले ते योगायोगाने. एरवी आधी सगळे जुने फोटो तपासून व्हायचे, मग सगळे नवे. पण सत्तावीसचा जुना फोटो स्कॅन करताना तिरका गेला होता, म्हणून परत आला होता. नवा तिथे पडलेला होताच. दोन्ही अलास्काच्या उत्तरेकडच्या एका नदीकाठचे. जुना १९५० सालच्या जुलैतला, नवा २००१ च्या ऑगस्टमधला. जुन्यात काठावर झुडपांचे बेचाळीस पुंजके होते. नव्यात तेच बेचाळीस ओळखू येत होते, आणखी काही नवे आले होते. जुने सगळे मोठे झाले होते, पण चारी बाजूंनी नाही. ऑपरेटर समाधानने त्यांच्याभोवती ओढलेली पिवळी रेघ प्रत्येक ठिकाणी पूर्वेकडे, किंचित उत्तरेला लांबली होती. पश्चिमेची कडा पन्नास वर्षांपूर्वी होती तिथेच.

झाड पाण्याकडे वाढेल, उतारावर वाढेल, वाऱ्याच्या आडोशाला वाढेल. नदीच्या दोन्ही काठांवरची बेचाळीस झुडपं एकाच अंशात वाढणार नाहीत. साधनाने भिंग खाली ठेवलं.

काम अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं होतं. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या उघड्या, गोठलेल्या मुलखात, जिथे शेवाळ आणि खुरटं गवत याशिवाय फारसं काही उगवत नसे, तिथे हवा तापत चालल्यावर झुडपं पसरू लागली आहेत का, हे त्यांना मोजायचं होतं. जुन्या-नव्या फोटोंच्या छत्तीस जोड्या, झुडपांभोवती रेघ, रेघेच्या आतलं क्षेत्रफळ. मार्चपासून समाधान एकटा हे करत होता. बारा जोड्यांचा पहिला हप्ता एप्रिलमध्ये साधनाच्या सहीने गेला होता. उरलेल्या चोवीस या गुरुवारी जायच्या होत्या. आतापर्यंतची वाढ एकेचाळीस टक्के दिसत होती.

समाधान शेवटच्या खिडकीजवळ बसे. वय सेहेचाळीस, गाव माण तालुक्यातलं. गावाकडे भूमी अभिलेख खात्यात गटांचे नकाशे काढून हात बसलेला. त्याची रेघ ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ होती, आणि त्याचं त्याला कौतुकही होतं.

"समाधान, ही पूर्वेची कडा तुम्ही कशावरून धरलीत?"

त्याने न बघता डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड होतं. प्रत्येक काँप्युटरच्या वर होतं तसंच. "कार्डावर लिवलंय की, ताई. तीन नंबर."

तीन नंबरला लिहिलं होतं: रोपाची कडा दिसत नसेल तर सावलीची कडा धरावी.

हे कार्ड १९९६ चं. त्या वर्षी ऑफिसने इथल्या वाळवंटातल्या झाडाझुडपांची मोजणी केली होती. वाळवंटातलं झुडूप राखाडी असतं, वरून पाहिलं तर वाळूत मिसळून जातं. दिसते ती त्याच्या बुडाशी पडलेली काळी सावली. इथली उड्डाणं उन्हाळ्यात, भर दुपारची. सूर्य डोक्यावर, त्यामुळे सावली जेमतेम वीतभर. सावलीची कडा काय आणि झुडपाची कडा काय, फरक पडत नव्हता. नियम बरोबर होता. या नियमाने ऑफिसने सहा वर्षं नाव कमावलं होतं.

"का, काही चुकलंय का?" समाधानने खुर्ची वळवली.

"बघते," साधना म्हणाली. तिला तेव्हाच सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

जुन्या फोटोच्या कडेला एक छोटं घड्याळ छापलेलं होतं. बाराला पाच मिनिटं कमी. नव्याच्या नोंदीत वेळ होती दुपारी चारची. तिने पॅडवर हिशेब केला. तिथे जुलैच्या भर दुपारीही सूर्य आकाशात निम्म्यापर्यंतच चढतो. दोन मीटर उंच झुडपाची सावली दोन मीटर. ऑगस्टच्या मध्याला, चार वाजता, त्याच झुडपाची सावली पावणेपाच मीटर. झुडूप बोटभरही वाढलं नसतं तरी समाधानच्या रेघेत ते वाढलेलं दिसलं असतं. तिने हिशेब दुसऱ्यांदा केला, मग तिसऱ्यांदा. मग इतर जोड्या काढल्या. सगळ्या नव्या फोटोंच्या वेळा तीन ते पाचच्या मधल्या होत्या. एप्रिलमध्ये गेलेल्या बाराच्याही.

त्या बारा तिने स्वतः तपासल्या होत्या. रेघ कार्डाप्रमाणे आहे का, एवढंच तिने पाहिलं होतं. रेघ कार्डाप्रमाणेच होती.

साडेतीन वाजता ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. राजाभाऊ मूळचे नाशिकचे, बावन्न वर्षांचे, आखातात वीस वर्षं काढलेले. समोर बिनदुधाचा सुलेमानी चहा होता.

"राजाभाऊ, सत्तावीसमध्ये सावली झुडूप म्हणून मोजली गेलीये."

"एकच ना? सुधार. यल्ला, चल."

"छत्तीसही तशाच आहेत."

राजाभाऊंनी ग्लास खाली ठेवला. "दार लाव."

तिने दार लावलं आणि हिशेबाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. ते या धंद्यातले होते, त्यांना समजायला अर्धं मिनिट लागलं. मग त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"एप्रिलमध्ये क्लायंटनं काय लिहिलं होतं? एक्सलंट. फ्रेम करून लावायचं तेवढं बाकी ठेवलंय मी."

"ते एक्सलंट सावलीला मिळालंय."

"अगं बाई, तिकडे झुडूप चार फूट जास्त वाढलं काय आणि कमी वाढलं काय, मोजायला कोण जाणार? अस्वलं?"

"क्लायंट जातो. दर उन्हाळ्यात तंबू ठोकून राहतो. त्यानंच लिहिलंय."

राजाभाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवरून हवा थरथरत होती. मग ते शांतपणे, जवळजवळ समजुतीच्या सुरात बोलले. "हे बघ. दुरुस्ती पाठवायची तर फॉर्म भरावा लागतो. फॉर्मवर कारण लागतं आणि एक नाव लागतं. मी ऑपरेटर लिहीन. समाधानचा व्हिसा तीस तारखेला संपतोय, रिन्युअलचा कागद या ट्रेमध्ये आहे. आणि मालकानं, अरबाबनं सांगितलंय, उन्हाळ्यात काम कमी, दोन माणसं काढ. एक नाव देऊन झालं. दुसऱ्याचं कारण आत्ता तू माझ्या हातात दिलंस."

"कार्ड तुमचं आहे, राजाभाऊ. त्यानं कार्ड पाळलं."

"कार्डावर माझी सही नाही. नकाशावर तुझी असते." ते थोडं हसले. "गुरुवारी सही कर, खलास. मी काही ऐकलं नाही, तू काही बोलली नाहीस."

ती बाहेर आली तेव्हा समाधान अठ्ठावीस क्रमांकावर काम करत होता. पुढे वाकलेला, जीभ दातांत धरलेली. माऊसची टिकटिक एकसारखी चालू होती.

शारजाला परतताना अल इत्तिहाद रोडवर गाडी सव्वा तास अडकली. गाडी साधनाचा नवरा निनाद चालवत होता. तो इन्शुरन्स कंपनीत होता आणि क्लेमच्या भाषेतच विचार करत असे.

"सही नाही केलीस तर तो जाणार. केलीस तर आकडा खोटा जाणार. असंच ना?"

"त्यातला तिसरा हिस्सा आधीच गेलाय. माझ्या सहीनं."

"तुझं नाव निघेल का यात?"

"निघायला हवं."

"हवं हे मी विचारलं नाही. निघेल का, ते विचारतोय." त्याने हॉर्नवर हात ठेवला, वाजवला नाही. "आपल्या तिघांचा व्हिसा माझ्यावर आहे, म्हणून तुला बोलता येतं. त्याचा त्याच्या नोकरीवर आहे."

मागच्या सीटवर त्यांची दहा वर्षांची शुभ्रा होती. तिने गेममधून मान वर केली. "आई, आर यू इन ट्रबल?"

"नाही गं."

"देन व्हाय आर यू नॉट ईटिंग युअर चिप्स?"

मांडीवरची पुडी साधनाने मागे दिली.

रात्री जेवण झाल्यावर तिने मार्चमधलं क्लायंटचं टिपण काढून पुन्हा वाचलं. दोनच पानं होती. तेव्हा तिने ती समाधानला मराठीत समजावली होती. थंड मुलखात झुडूप उंच झालं की वाऱ्याने उडणारा बर्फ त्याच्यापाशी अडतो. बर्फाच्या जाड थराखाली जमीन हिवाळ्यात इतकी गारठत नाही. त्या थोड्या उबेत मातीतले जीवाणू काम करत राहतात, झुडपाला खाद्य मिळतं, पुढच्या उन्हाळ्यात ते आणखी वाढतं आणि आणखी बर्फ अडवतं. वर आलेल्या काळ्या फांद्या ऊन शोषतात ते वेगळंच.

समाधानला ते लगेच पटलं होतं. "आपल्याकडं वाळू अडते तसंच की, ताई. झुडपापाशी वाळूचा ढीग होतो, मग झुडूप ढिगावर चढतं." आपल्याकडं म्हणजे इथे, आखातात. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला होता, "म्हंजे आपलं पांघरूण ते आपणच ओढून घेतं. मग थांबायचं कुठं?"

टिपणात त्याचं उत्तर नव्हतं. तेव्हा तिला त्या प्रश्नाची काळजी वाटली नव्हती. ते दूरचं काम होतं, बर्फाचं, गोऱ्या लोकांचं. आज तिला वेगळीच भीती वाटत होती. ती अशी, की सावली काढून टाकल्यावर काहीच उरणार नाही. तीन महिन्यांचं काम म्हणजे नुसती चार वाजताची उन्हं. आणि अशी चूक असेल तर राजाभाऊंनी फॉर्मवर लिहिलेलं नाव कोणीही पुसणार नाही.

मंगळवारी बारा वाजता ती समाधानला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. हातात ऑफिसची एक फुटी स्टीलची पट्टी होती.

"ताई, उन्हात कशाला? लागंल की ऊन."

"पाच मिनिटं."

वॉचमन हाफीज भाई सावलीत खुर्ची टाकून बसले होते. "मॅडम, धूप नाप रही हो? बहोत है. लिख लो."

बारा वाजून वीस मिनिटांनी साधनाने पट्टी फरशीवर उभी धरली. स्टील हाताला चटका देत होतं, तिने रुमाल गुंडाळला. समाधान उकिडवा बसला.

"सावली किती?"

त्याने बोट लावून पाहिलं. "सावली कुठाय? ही एवढी. सेंटिमीटर धरा."

"तीस सेंटिमीटरची पट्टी, एक सेंटिमीटर सावली. हे झालं आपलं. आता ही पट्टी तिकडे न्या. जुलैची दुपार. सावली एकतीस सेंटिमीटर."

समाधानने मान डोलावली. गटांचे नकाशे काढलेला माणूस होता, त्याला माप सांगावं लागत नव्हतं.

"आता ऑगस्ट. दुपारचे चार."

तिने फरशीवर खडूने पूर्वेकडे रेघ ओढली. बहात्तर सेंटिमीटर. एक फुटी पट्टी आणि तिच्यामागे तिच्या दुपटीहून लांब पांढरी रेघ. समाधान त्या रेघेकडे बघत राहिला. त्याच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता आणि तो पुसत नव्हता.

"म्हंजे तीन महिने मी सावलीच पेरली," तो म्हणाला.

"कार्डात होतं तेच केलंत तुम्ही. मीही कार्ड बघूनच पास केलं."

"राजाभाऊंना म्हाईतंय?"

"हो."

"मग?"

तिने त्याला सगळं सांगितलं. फॉर्म, नाव, ट्रेमधला कागद, अरबाबची दोन माणसं. काही गाळलं नाही. त्याला कळण्याचा हक्क होता असं तिला वाटलं. सांगून झाल्यावर मात्र वाटलं, आपलं ओझं आपण त्याच्या डोक्यावर ठेवलं.

समाधान उठला. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. "ताई, सही करा."

"समाधान..."

"न्हाई, ऐका. माझी गिरिजा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय. अजून दोन वर्षं. मला शेहेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडं कोण घेतंय? गावाकडं आता सगळं काँप्युटरवर गेलं, तिथं पोरं बसलीत." त्याचा आवाज चढला नाही. "झुडपं वाढलीच असतील की. थोडी जास्त लिवली, एवढंच. सही करा. मी हात जोडतो."

त्याने खरोखरच हात जोडले. हाफीज भाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"थोडी की पुष्कळ, तेच आपल्याला माहीत नाही," साधना म्हणाली.

दुपारभर समाधानच्या खिडकीकडून माऊसचा आवाज आला नाही. साडेपाचला तो कोणाशी न बोलता निघून गेला.

बुधवारी साधना पावणेआठला ऑफिसात पोचली तेव्हा तो आलेला होता. तो सहालाच आल्याचं ऑफिस उघडणाऱ्या खतीजाने सांगितलं. "आज चाय भी नहीं पिया आपके भाऊ ने. पूछा तो बोला, बाद में."

काँप्युटरवर सत्तावीस क्रमांक उघडा होता. पिवळ्या रेघेच्या आत आता एक लाल रेघ होती. प्रत्येक पुंजक्याला त्याने दोन रंगांच्या हद्दी केल्या होत्या. पिवळ्याच्या आतली पूर्वेकडची काळपट पट्टी लालच्या बाहेर राहिली होती. जुन्या फोटोतही तसंच.

"सांगितलं कोणी तुम्हाला?"

"कुणी न्हाई. म्हटलं, बघावं. फरक दोन-चार टक्क्यांचा असंल, तर तुमची सही करायला हरकत न्हाई. तुमच्या मनालाबी बरं." त्याचे डोळे लाल होते. "रातभर त्योच हिशेब करत होतो, दोन-चारच असणार म्हणून."

"किती आला?"

त्याने कागद सरकवला. त्याच्या स्वच्छ अक्षरात दोन आकडे होते. आधी चव्वेचाळीस टक्के. सावली वगळून सोळा.

साधनाच्या मनात आलं, सोळा उरले. शून्य नाही. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"चव्वेचाळीस आणि सोळा," समाधान म्हणाला. "एवढं कुणाच्या बांधात घुसलो असतो तर खून पडला असता." त्याने कागद घडी घालून तिच्या हातात दिला. मग हात मागे घेतला, जणू पुन्हा मागायला नको म्हणून. "आता काल सही करा म्हणालो त्ये धरू नका. करायचं ते करा."

तिने ते साडेदहाला करायला घेतलं आणि साडेतीनला संपवलं. मध्ये जेवली नाही. दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं: वाळवंटातील मोजणीसाठी केलेला नियम, कार्यालयीन कार्डावरील क्रमांक तीन, दुसऱ्या अक्षांशावर तपासून न पाहता वापरला गेला. ऑपरेटरने नियम तंतोतंत पाळला आहे. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव टाइप केलं. खाली जोडलं: एप्रिलच्या बारा जोड्यांवर माझी सही आहे. त्या वापरू नयेत. सोबत सत्तावीस क्रमांक, दोन्ही रेघांसह. फेरमोजणी त्याच ऑपरेटरने केली आहे.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तिने ईमेल पाठवली आणि प्रत राजाभाऊंना दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"मला विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो," ते म्हणाले.

"म्हणून विचारलं नाही."

"हुशार आहेस. हुशार लोकांचं इथे काय होतं, तेही एकदा विचार कुणाला तरी." त्यांनी ट्रेमधून एक कागद काढला, पाहिला, परत ठेवला. "उत्तर येऊ दे. क्लायंटनं काम काढून घेतलं तर एक नाही, तुम्हा दोघांची नावं. सॉरी म्हणत नाही मी. आधीच सांगून ठेवतो."

गुरुवारी उत्तर आलं नाही. आपला दिवस तेव्हा तिकडे रात्र, हे साधनाला माहीत होतं. तरी तिने सकाळपासून अकरा वेळा ईमेल उघडली. समाधान एकोणतीस क्रमांकावर दोन रंगांच्या रेघा ओढत बसला. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी थांबवलंही नव्हतं. अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं.

शुक्रवार सुट्टीचा. समाधान शारजातल्या रोलाच्या बाजारात भेटला, फोनकार्ड घेताना. त्याची खोली तिथेच मागे होती, सात जणांत. त्याने लांबूनच हात हलवला आणि गर्दीत शिरला. गिरिजाशी बोलायला निघालाय हे दिसत होतं. तिला तो काय सांगेल, हा प्रश्न साधनाला घरापर्यंत सोडेना. शुभ्राने दोनदा काही विचारलं, तिला ऐकू आलं नाही.

शनिवारी सकाळी आठला उत्तर आलेलं होतं.

ते लांब नव्हतं. आभार एका वाक्यात होते. एप्रिलचा आकडा एका भाषणात वापरला गेला आहे, तो मागे घेतो, असं दुसऱ्या वाक्यात. मग सूचना. छत्तीसही जोड्या नव्याने कराव्यात, सावली वगळून. मुदत शनिवार सहा जुलै. ऑपरेटर तोच ठेवावा, ही अट. हात बदलला तर दिसणारा फरक झुडपांचा की हाताचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. तपासनीस मात्र दुसरा नेमावा. ज्याने पहिल्यांदा पास केलं त्याने पुन्हा तपासू नये.

राजाभाऊंनी ते दोनदा वाचलं. "हात तोच पाहिजे म्हणे." त्यांनी ट्रेमधला कागद काढला आणि उभ्या उभ्या सही केली. "घे. तुझ्या भाऊचा हात तीन वर्षं इथेच राहिला. तपासायचं मी बघतो. तू खजुराच्या मोजणीवर बस."

"आणि अरबाबला द्यायचं दुसरं नाव?"

"ते त्याच्या लक्षात आहे. माझ्याही आहे. सध्या तो लंडनला गेलाय, सप्टेंबरात येईल. तोपर्यंत इन्शाल्ला काहीतरी निघेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

समाधानचा व्हिसा सव्वीस जूनला शिक्का बसून आला. त्याने ऑफिसात बालूशाही वाटली आणि साधनाच्या टेबलावर दोन ठेवल्या. तिच्या टेबलावर आता खजुराच्या बागा होत्या. भर दुपारचे फोटो, काळे ठिपके, बुडाशी जेमतेम सावली. कार्डावरचा तीन नंबर इथे चालत होता. तरी प्रत्येक ठिपक्यापाशी ती थांबत होती. काम निम्म्या वेगाने होत होतं आणि राजाभाऊ ते बघत होते.

गुरुवार, ४ जुलै. दुपारी बाराच्या सुमारास समाधान तिच्यापाशी आला. एका हातात लाल रेघा ओढलेला सत्तावीस क्रमांकाचा छापील फोटो, दुसऱ्यात भिंग.

"छत्तीस झाले, ताई. राजाभाऊंनी पास केलं. आकडा सतरा टक्के."

"सतरा."

"तुम्ही तपासायचं न्हाई, म्हाईतंय मला. नुसतं बघा." त्याने फोटो तिच्या खजुरांवर ठेवला आणि नदीतल्या दगडगोट्यांच्या एका पट्ट्यावर बोट टेकवलं. जुन्या फोटोत तो पट्टा उघडा होता, नुसता पांढरा. नव्यात तिथे एक पुंजका होता. "हा पन्नास साली नव्हताच. ह्याला जुनी कडा न्हाई, काही न्हाई. शेवटचे दोन दिवस मी ह्येच करतोय. जिथं जिथं शंका आली तिथं तिथं कमीच धरलं, आत घेतली रेघ. म्हटलं, उतरंल अजून आकडा. सतराच्या खाली येईना." त्याचं बोट त्या पुंजक्यावरच होतं. "तुम्ही म्हणाला होता ना, बर्फ अडतो, मग त्ये आणखी वाढतं. हा एकटा हाय आत्ता. पुढच्या वेळी फोटो काढतील तवा ह्याच्याभोवती किती असतील?"

"मला माहीत नाही, समाधान."

"आपलीच चूक असंल पुन्हा कुठं, तर आत्ताच सांगा. शनिवारी जायचंय."

तिने भिंग डोळ्याला लावलं. पुंजका आधी नुसता करडा दिसला, मग त्याचे शेंडे वेगळे झाले. पूर्वेकडे, किंचित उत्तरेला, त्याची लांबट सावली गोट्यांवर पडली होती. तिने त्या सावलीच्या कडेने सुरुवात केली आणि आत येत राहिली, रेघ कुठे लागते ते शोधत. कुठेतरी ती सावलीत शिरलेली असेल, केसभर तरी, असं तिला वाटत होतं. तिने पुंजक्याला पूर्ण वळसा घातला. मग उलट्या बाजूने आणखी एक.

सावली सगळी बाहेर होती. रेघ झुडपावरच होती.